विण्यापूर्वीची बेगमी : देवमाशाची आणि म्हशीची

पहूर, शेंदुर्णी, वाकोद या पट्ट्यातील गोठ्यांत एक गोष्ट सर्रास दिसते. म्हैस दूध देत असेतो तिच्यापुढे सरकीची ढेप, भरडा, हिरवी मका असे सर्व काही येते. ती आटली, की ढेप बंद होते. भाकड जनावरावर खर्च कशाला, असा साधा हिशेब त्यामागे असतो. मग विण्याला आठ-दहा दिवस राहिले म्हणजे पुन्हा घाई सुरू होते. कोणी गूळ-मेथी शिजवतो, कोणी औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणतो. म्हैस विते, पहिले पंधरा दिवस दूध बरे देते, नंतर उतरते. चार-पाच महिने झाले तरी माजावर येत नाही. मग दोष वळूला, हवामानाला किंवा कृत्रिम रेतन करणाऱ्याला दिला जातो.

त्यात ऋतूची अडचण आहे. आपल्याकडे बहुतेक म्हशी पावसाळ्याच्या मध्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत वितात. म्हशीचा गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा. श्रावणात विणाऱ्या म्हशीचे शेवटचे तीन महिने वैशाख, ज्येष्ठ आणि आषाढात येतात. खानदेशात वर्षातील सर्वांत वाईट वैरणीचा काळ हाच. वाघूर कोरडी, विहिरींनी तळ गाठलेला, दादरचा कडबा संपत आलेला आणि उन्हाचा पारा ४५ अंशांच्या घरात. पोटातील रेडकाची दोन तृतीयांश वाढ याच शेवटच्या काळात होते.

विण्याच्या वेळी आईच्या अंगात काय शिल्लक आहे, यावर पुढचे सारे अवलंबून असते. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून प्रस्तुत लेखात एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते समुद्रातील देवमाशाचे. या जनावराला गोठा नाही, गव्हाण नाही, ढेप टाकणारा मालक नाही. तरीही पृथ्वीवरील सर्वांत मोठे पिलू ते वाढवते, आणि पुष्कळदा अशा ठिकाणी, जेथे आईला खायला जवळजवळ काहीच मिळत नाही.

देवमासा आपल्याच गुराढोरांच्या गोतातला

देवमासा हा नावापुरता मासा. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिलाला जन्म देतो आणि दूध पाजतो. एवढे बहुतेकांना माहीत असते. तो गाय, म्हैस, हरीण, डुक्कर या खूर असलेल्या प्राण्यांच्या कुळातून निघाला, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत त्याचा सर्वांत जवळचा भाऊबंद म्हणजे पाणघोडा. या वंशावळीतील एक महत्त्वाचा दुवा आपल्याच देशात सापडला. काश्मीरमधील कालाकोट भागातून भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जमवलेल्या दगडांत सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या लहानशा, हरणासारख्या प्राण्याची हाडे होती. २००७ मध्ये त्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंडोहायस नावाच्या या प्राण्याच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाच्या कानाशी जुळते.

देवमाशाचे पोटही एककप्पी नाही. म्हशीप्रमाणेच त्यालाही अनेक कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्यात जंतूंकडून अन्न आंबवले जाते. म्हैस त्या जंतूंकडून कडब्यातील तंतू पचवून घेते, तर देवमाशाच्या पोटातील जंतू कोळंबीसारख्या जीवांच्या कवचावर काम करतात. बहुतेक मोठ्या देवमाशांना दात नसतात. वरच्या जबड्यातून झालरीसारख्या पट्ट्या लोंबतात, आणि त्या शिंग व खूर ज्या पदार्थाचे बनतात त्याच पदार्थाच्या असतात. तोंडभर पाणी घ्यायचे, झालरीतून बाहेर दाबायचे आणि आत अडकलेले जीव गिळायचे, अशी ही चाळणी. एवढे प्रचंड जनावर बोटाएवढ्या जीवांवर जगते, कारण ते जीव थव्याने एका जागी मिळतात. विखुरलेल्या अन्नावर त्याचे पोट भरत नाही. चरायला गेलेल्या जनावराला चार मैल चालून मूठभर गवत मिळाले तर चालण्यातच ताकद जाते, तसेच हे आहे.

चरायचे एकीकडे, विणे दुसरीकडे

करड्या देवमाशाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. हा देवमासा उन्हाळ्यात अलास्का आणि सैबेरियाच्या मधल्या थंड समुद्रात असतो. तेथे तो तळाच्या चिखलात एका कुशीवर लोळून गाळ तोंडात ओढतो आणि त्यातील बारीक जीव गाळून खातो. आपल्या म्हशी डबक्यात लोळतात त्याची आठवण व्हावी अशी ही रीत. चार-पाच महिने त्याचे काम एकच, खाणे आणि कातडीखाली चरबीचा थर साठवणे. हिवाळा आला, की तो अमेरिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेस निघतो आणि मेक्सिकोतील सान इग्नासियोसारख्या उथळ, कोमट खाड्यांत येतो. जाऊन-येऊन हा प्रवास १६ ते २० हजार किलोमीटरांचा होतो. मादी या खाड्यांत विते. पाणी शांत असते, शिकारी देवमासे तेथे सहसा शिरत नाहीत आणि अंगावर चरबी नसलेल्या पिलाला थंडी बाधत नाही. अन्न मात्र तेथे नाहीच म्हटले तरी चालेल. अधूनमधून एखादा देवमासा तळ उकरताना दिसतो, पण त्यावर पोट भरत नाही.

म्हणजे उत्तरेकडील चराऊ समुद्र सोडल्यापासून परत तेथे पोहोचेपर्यंतचे सारे महिने ही मादी साठवलेल्या चरबीवर काढते. त्याच चरबीतून ती पिलाला जन्म देते आणि दूधही पाजते. ते दूध पाण्यासारखे नसते. गाईच्या दुधात साडेतीन-चार टक्के, म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. मोठ्या देवमाशांच्या दुधात तो ३० ते ५० टक्क्यांपर्यंत असतो. ते दूध जवळजवळ लोण्यासारखे घट्ट असते. पिलू जन्मतःच चार-साडेचार मीटर लांब असते आणि या दुधावर झपाट्याने वाढते.

हे सारे साधते ते आधीच्या चरण्यामुळे. या कळपाच्या वागण्यातील एक गोष्ट आपल्या पशुपालकांनी विशेष लक्षात घ्यावी. खाड्यांतून उत्तरेच्या चराऊ भागाकडे परत निघताना सर्वांत पुढे कोण असते? नुकत्याच गाभण राहिलेल्या माद्या. नर व वासरे मागे राहतात, पिलू पाजणाऱ्या माद्या सर्वांत शेवटी निघतात. गाभण मादी सर्वांत आधी चाऱ्यावर पोहोचते आणि सर्वांत जास्त दिवस चरते. आपल्या गोठ्यात गाभण आणि भाकड म्हशीचा नंबर शेवटचा लागतो.

विण्याच्या किनाऱ्यावर कोणताच देवमासा काही खात नाही, असा मात्र समज करून घेऊ नये. अर्जेंटिनातील वाल्देस द्वीपकल्पाच्या आखातांत राइट व्हेल जातीच्या माद्या पिलांसह हिवाळ्यापासून मुक्कामाला असतात. तेथे वसंत ऋतू सरत आला, की पाण्यात तांदळाच्या कणीएवढ्या जीवांची दाटी होते. तेव्हा या माद्या तोंड उघडे ठेवून पृष्ठभागावरून सावकाश पोहत जातात आणि खातात. ही न्याहारी झाली. जेवण मात्र त्यांना दक्षिणेच्या थंड समुद्रातच मिळते.

बेगमी अपुरी पडली म्हणजे

बेगमी कमी पडली तर काय होते, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट दिसले. २०१६ मध्ये पूर्व प्रशांत महासागरातील करड्या देवमाशांची संख्या सुमारे २७ हजार होती. २०१८ च्या अखेरीपासून २०२३ पर्यंत मेक्सिकोपासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर सुमारे ६९० देवमासे मरून लागले. त्यांतील पुष्कळ हडकुळे होते, मानेमागे खळगा पडलेले. २०२३ ची मोजणी सुमारे साडेचौदा हजार भरली. पिलांची संख्याही घटली. शास्त्रज्ञांनी कारण शोधले ते विण्याच्या खाड्यांत सापडले नाही, ते उत्तरेच्या चराऊ समुद्रात सापडले. तेथील बर्फ आणि पाण्याचे तापमान बदलल्याने तळावरचे अन्न बदलले होते. विण्याची जागा होती तशीच सुरक्षित होती, आईची कोठी मात्र रिकामी होती.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे वाटेल. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर विणाऱ्या राइट व्हेल माद्या पूर्वी साधारण दर तीन वर्षांनी वीत. एक वर्ष गाभणपण, एक वर्ष पिलाला पाजणे आणि एक वर्ष अंग भरून काढणे असा तो क्रम होता. अलीकडे हे अंतर चार-पाच वर्षांवर गेले आहे. विमानातून व ड्रोनवरून घेतलेल्या छायाचित्रांवरून माद्यांच्या अंगाची रुंदी मोजली, तेव्हा १९८० च्या दशकातील माद्यांच्या मानाने आताच्या माद्यांची अंगस्थिती सुमारे २३ टक्क्यांनी खालावल्याचे आढळले. दोन वेतांतील अंतर वाढणे हे उपासमारीचे लक्षण समुद्रातही तेच आणि गोठ्यातही तेच. म्हशीच्या दोन वेतांत १४ महिन्यांच्या आसपास अंतर असावे, असे आपण शिकवतो. प्रत्यक्षात पुष्कळ गोठ्यांत ते १७-१८ महिने असते. वरचे तीन-चार महिने मालक म्हशीला फुकट पोसतो, आणि त्या वैरणीचा खर्च भाकड काळात वाचवलेल्या ढेपेपेक्षा कितीतरी जास्त होतो.

अरबी समुद्रातील वेगळी रीत

आता आपल्या समुद्राकडे येऊ. जगातील बहुतेक हंपबॅक, म्हणजे कुबड्या देवमासे, थंड समुद्रात चरतात आणि विण्यासाठी उष्ण समुद्रात येतात. अरबी समुद्रातील हंपबॅक मात्र हा लांबचा प्रवास करत नाहीत. ते येथेच चरतात आणि येथेच वितात. इतर समुद्रांतील जातभाईंपासून ते सुमारे ७० हजार वर्षे अलग राहिले असावेत, असे जनुकीय अभ्यासावरून दिसते.

याचा पहिला भक्कम पुरावा दुर्दैवाने शिकारीतून मिळाला. नोव्हेंबर १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यासमोर सुमारे २४० हंपबॅक मारले. ही माहिती दडवून ठेवलेली होती, ती १९९० च्या दशकात बाहेर आली. त्या देवमाशांच्या पोटांत क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव आणि मासे सापडले. माद्यांच्या गर्भांची वाढ पाहता विण्याचा काळ उत्तर गोलार्धातील हिवाळ्याचा ठरला. उष्ण समुद्रात, विण्याच्या हंगामाच्या तोंडावर आणि पोट भरलेले! इतर समुद्रांत हे सहसा दिसत नाही.

उष्ण समुद्रात एवढे अन्न कोठून येते, हा प्रश्न कृषिविद्येच्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. उत्तर आपल्या मान्सूनमध्ये आहे. नैर्ऋत्य मोसमी वारा सोमालिया व ओमानच्या किनाऱ्याला समांतर जोराने वाहतो. त्यामुळे किनाऱ्याजवळचे वरचे पाणी बाहेर ढकलले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. वरच्या थरातील मेलेले जीव वर्षानुवर्षे खाली बसत असल्याने त्या पाण्यात नत्र व स्फुरद साठलेले असते. ते उजेडात आले, की सूक्ष्म वनस्पतींचे रान माजते. ही समुद्राची खोल नांगरट आणि वरखत एकाच वेळी झाले म्हणायचे. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यावरही हा प्रकार कमी प्रमाणात घडतो, आणि तारली व बांगडा यांची भरभराट त्यावरच होते. हाच वारा पाण्याची वाफ घेऊन महाराष्ट्रावर येतो आणि आपली कपाशी उगवते. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्राचे वरचे पाणी थंड व जड होऊन खाली बसते, खालचे वर येते, आणि दुसरा बहर येतो. अरबी समुद्रालाही खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम आहेत. म्हणूनच येथील हंपबॅकला दूरच्या थंड समुद्रात चरायला जावे लागत नाही.

गाव सोडावे लागत नसले, तरी चराईसाठी त्याला हिंडावे लागते. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारे यंत्र बसवले होते. तिचे नाव लुबान. अरबीत लुबान म्हणजे धूप, आपण ज्याला लोबान म्हणतो तो. ती थेट अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली, तेथून दक्षिणेस भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली. ओमानच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये केलेल्या अंदाजानुसार हे हंपबॅक अवघे ८२ च्या आसपास होते, आणि २००८ मध्ये त्यांची गणना संकटग्रस्त जीवांत झाली. एका वाडीतील गुरांपेक्षाही ही संख्या कमी.

कोकण किनाऱ्यासमोर देवमासे पिलांसह येतात. २०१५ मध्ये सिंधुदुर्गासमोरच्या समुद्रात संशोधकांना निळा देवमासा पिलासह दिसला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिलू येऊन रुतले. वनखाते, पोलीस व ग्रामस्थांनी दोन दिवस खटपट करून ते समुद्रात ओढून नेले, तरी ते वाचले नाही. आईपासून तुटलेले दूधपिते पिलू कितीही मोठे असले तरी त्याला दुसरे अन्न नसते. आपल्याकडे देवमासा वर्तमानपत्रात येतो तो बहुधा त्याच्या उलटीच्या तस्करीच्या बातमीतून. ती वस्तू बाळगणे वा विकणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि तिच्या नावाने गावोगाव फसवणूकही चालते, एवढे येथे सांगून ठेवतो.

एक चिंतेची गोष्ट अशी. २००० नंतरच्या वर्षांत अरबी समुद्राच्या हिवाळी बहरात नॉक्टिल्युका नावाचा हिरवा सूक्ष्मजीव फार माजू लागला आहे. रात्री मुंबई-कोकणच्या लाटा निळसर चमकतात त्या यामुळेच. दिसायला मोठी शोभा, पण जेलीफिशसारखे मोजकेच जीव त्यावर चांगले पोसतात. शेतात गाजरगवत हिरवेगार वाढले म्हणून जनावराचे पोट भरत नाही, तसाच हा प्रकार. रान हिरवे दिसणे आणि त्यात चारा असणे या दोन गोष्टी वेगळ्या.

म्हशीला हे कितपत लागू पडते?

तुलना ताणू नये. देवमाशाची मादी चरबीवर महिनेच्या महिने काढते, कारण तिचे शरीर कोट्यवधी वर्षांत त्यासाठीच घडले आहे. म्हशीचे तसे नाही. तिच्या कोठीपोटातील जंतूंना रोज वैरण लागते. व्यालेल्या म्हशीने दोन दिवस खाणे सोडले तर ती आजारी समजावी व पशुवैद्यकाला बोलवावे. भाकड काळात बेसुमार ढेप घालून म्हैस लठ्ठ करणेही चूकच आहे. फार लठ्ठ म्हैस विताना अडते, व्याल्यावर कमी खाते आणि तिला किटोसिससारखे विकार होतात.

मात्र एक गोष्ट दोघींत समान आहे. व्याल्यानंतर पहिले दीड-दोन महिने म्हशीचे दूध वाढत असते, पण भूक त्या वेगाने वाढत नाही. ही तूट ती अंगातील साठ्यातून भरते. साठा असेल तर दूध टिकते आणि ती साठ ते नव्वद दिवसांत माजावर येते. साठा नसेल तर शरीर आधी माज थांबवते, मग दूध उतरवते. अंगात साठा आहे की नाही, हे हात लावून कळते. विण्यापूर्वी एक महिना म्हशीच्या बरगड्या दुरून मोजता येऊ नयेत, पण हात दाबला तर लागाव्यात. शेपटीच्या मुळाशी खळगा नसावा.

आटवल्यापासून विण्यापर्यंत

म्हैस विण्यापूर्वी दोन महिने आटवावी. साडेचारशे ते पाचशे किलो वजनाच्या म्हशीला या काळात रोज २० किलो हिरवा चारा किंवा मुरघास, ५ ते ६ किलो कडबा कुट्टी करून आणि दीड ते दोन किलो आंबोण द्यावे. आंबोणात सरकीची ढेप, मक्याचा भरडा आणि तुरीची वा हरभऱ्याची चुनी हे आपल्याच भागात मिळणारे पदार्थ चालतात. सोबत ५० ग्रॅम खनिज मिश्रण व ३० ग्रॅम मीठ द्यावे. ढेपेला बुरशी असेल तर ती गाभण जनावराला मुळीच घालू नये.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजण्याची पद्धत बंद करावी. या काळात लसूणघासही कमी करावा. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळू लागले, की हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय मंदावते. मग व्याल्याबरोबर दुधाची ओढ लागते तेव्हा म्हैस दुग्धज्वराने बसते. कॅल्शियम द्यायचे ते व्याल्यानंतर, आणि म्हैस बसलीच तर पशुवैद्यकाकडून शिरेतून.

मे-जूनच्या उन्हात म्हैस दिवसा खात नाही. वैरणीचा मोठा हिस्सा पहाटे आणि रात्री टाकावा. पाणी सावलीत असावे. टंचाईत केळीचे खांब कापून घालण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते. पोट भरल्यासारखे दिसते, अंगी काही लागत नाही. तो पूरक म्हणून चालेल, मुख्य चारा म्हणून नाही. पहिल्या पावसानंतर उगवलेली कोवळी ज्वारी विषारी असते, ती जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

वैशाखातील चारा कार्तिकात पेरावा लागतो

वरील २० किलो हिरवा चारा मेमध्ये आणायचा कोठून, हा खरा प्रश्न आहे. जामनेर तालुक्यातील बहुतेक विहिरींना एप्रिलनंतर चाऱ्यापुरतेही पाणी उरत नाही. म्हणून विहिरीला पाणी असताना चारा पिकवून तो मुरघासाच्या रूपाने साठवणे हाच उपाय मला व्यवहार्य वाटतो. देवमाशाची बेगमी अंगावर असते. आपली काही अंगावर आणि काही पिशवीत ठेवता येते, ही आपली सोय.

दोन म्हशींचा हिशेब असा. १५ मे ते जुलैअखेर सुमारे ८० दिवस, दर म्हशीला रोज २० किलो, म्हणजे एकूण ३,२०० किलो मुरघास. साठवणुकीतील घट धरून पावणेचार टन हिरवी मका लागेल. आफ्रिकन टॉल वाणाचे उत्पन्न गुंठ्याला साडेचारशे किलो धरले तर आठ-साडेआठ गुंठे जमीन पुरते. कपाशी काढून मोकळ्या झालेल्या रानाचा एक कोपरा यासाठी ठेवणे कोणालाही जड जाऊ नये. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ३० सेंटिमीटर अंतरावर पाभरीने पेरणी करावी. एकरी ३० किलो, म्हणजे एवढ्या क्षेत्राला सहा-साडेसहा किलो बियाणे लागेल. हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावे. नत्र दोन हप्त्यांत विभागावे. २०१८ पासून आपल्याकडे मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली आहे, तेव्हा पोंग्यात लक्ष ठेवावे, आणि फवारणी केलीच तर औषधाच्या लेबलावरील दिवस पूर्ण झाल्याखेरीज चारा कापू नये.

कणीस दुधाळ ते चिकाच्या अवस्थेत आले म्हणजे मका कापावी. हिवाळी पिकाला त्यासाठी साधारण तीन महिने लागतात. कापल्यावर काही तास सुकू द्यावी. कुट्टी मुठीत दाबून सोडली तर गोळा हळूहळू सुटावा आणि हाताला पाणी लागू नये, एवढा ओलावा योग्य. कुट्टीचे तुकडे दोन-तीन सेंटिमीटरांचे असावेत.

खड्डा करावा की पिशव्या वापराव्यात, असे नेहमी विचारले जाते. खड्डा स्वस्त पडतो हे खरे, पण दोनच म्हशी असतील तर मी खड्ड्याचा सल्ला देणार नाही. खड्डा एकदा उघडला, की रोज त्याच्या पूर्ण तोंडावरून निदान वीतभर थर निघाला पाहिजे. दोन म्हशी तेवढे खात नाहीत आणि मेच्या उन्हात उघडा मुरघास दोन दिवसांत तापून बुरशी धरतो. त्यापेक्षा ५० किलोच्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या बऱ्या. दोन म्हशींना एक पिशवी दीड दिवसाच्या आत संपते. कुट्टी थराथराने पायाने तुडवून हवा काढावी आणि तोंड घट्ट बांधावे. पिशव्या उंदरांपासून दूर, सावलीत रचाव्यात. ४५ ते ६० दिवसांत मुरघास तयार होतो. चांगला मुरघास पिवळसर हिरवा आणि आंबूस-गोड वासाचा असतो. काळा, चिकट वा बुरशीचा भाग टाकून द्यावा. गाभण म्हशीला तो घातल्यास गाभ पडण्याचा धोका असतो. दहा-बारा म्हशींच्या गोठ्याला किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या कामाला मात्र खड्डाच परवडतो.

व्याल्यानंतर

रेडकाला पहिल्या तासात चीक पाजावा. वार पडण्याची वाट पाहू नये. दिवसभरात त्याच्या वजनाच्या एक दशांश, म्हणजे तीन किलोच्या आसपास चीक त्याच्या पोटात गेला पाहिजे. म्हशीचे आंबोण एकदम वाढवू नये. दोन किलोपासून सुरुवात करून दर दोन दिवसांनी अर्धा किलो वाढवत न्यावे. पुढे दर दोन लिटर दुधामागे एक किलो आणि शरीरासाठी एक ते दीड किलो वेगळे, असे प्रमाण ठेवावे. आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला पाच-साडेपाच किलो आंबोण होते. पहिले दोन महिने दूध वाढते आहे तोवर आंबोण कमी करू नये.

गोठ्यात भिंतीवर एक दिनदर्शिका टांगावी. म्हैस व्याल्याची, माजावर आल्याची आणि भरवल्याची तारीख तिच्यावरच पेन्सिलीने टिपावी. व्याल्यापासून नव्वद दिवस झाले आणि माजाची खूण नसेल, तर पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, आणि मागच्या वैशाख-ज्येष्ठात त्या म्हशीपुढे काय पडत होते तेही त्यांना सांगावे.